दाराबाहेरची दोन मिनिटं

बंद दारावर एक कागद चिकटवलेला असतो. तो वाचायला दोन मिनिटं मिळतात. घंटा वाजली की आत जायचं, पाच-सात मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा वाजली की उठायचं आणि पुढच्या दारासमोर उभं राहायचं. अशी पाच-सहा, कुठे आठ दारं. इंग्लंडमधल्या कितीतरी विद्यापीठांत मिडवाइफरीच्या, म्हणजे आपल्या भाषेत सुईणपणाच्या, पदवीची मुलाखत अशी होते. तिचं नाव मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, बोलण्यात नुसतं एमएमआय. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी ही पद्धत काढली. एकाच पॅनेलसमोर अर्धा तास बसलं की परीक्षकाचं मत पहिल्या दोन वाक्यांत बनतं आणि उरलेला वेळ तो ते पक्कं करण्यात घालवतो. म्हणून दारं वेगळी केली आणि प्रत्येक दाराआड माणूस वेगळा बसवला. एका खोलीत बोबडी वळली तरी पुढच्या खोलीतल्याला त्याचा पत्ता नसतो.

उमेदवाराला मात्र असतो, आणि तिथेच गाडी घसरते. मागच्या खोलीत फसलेलं वाक्य मनात घोळवत ती पुढचा कागद वाचते, दोनातलं दीड मिनिट मागेच राहतं.

कागदावर बाळंतपणाचा विषय असेलच असं नाही. नमुन्यादाखल एक कागद धरू: ‘तुम्ही वाचनालयात काम करता. नेहमी येणारे एक आजोबा पुस्तक परत करायला आले आहेत. पुस्तकाची मुदत सात आठवड्यांपूर्वी संपली आहे. सभासदत्व त्यांच्या पत्नीच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोला.’ आत एक नट आजोबा होऊन बसलेला असतो आणि कोपऱ्यात परीक्षक गुणांचा तक्ता घेऊन. हुशार मुलगी थेट मुदतीला हात घालते. दंड किती झाला, माफ होईल का, नियम काय. ती सगळं बरोबर बोलते. आजोबांनी पुस्तक टेबलावर ठेवलंय पण त्यावरचा हात काढलेला नाही, हे तिला दिसत नाही. कागदातले कळीचे शब्द ‘पत्नीच्या नावावर’ हे होते आणि ते ठळक अक्षरात कोणी छापत नाही. जिला तो हात दिसतो ती ‘त्यांचं वाचून झालं का हे?’ एवढंच विचारते आणि थांबते. पुढची शांतता नट मुद्दाम लांबवतो. दहा सेकंद डोंगराएवढी वाटतात. ती शांतता कशाने तरी भरून काढायची घाई झाली नाही, तर त्याचे गुण त्या तक्त्यात असतात.

अर्जाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या घंटेपर्यंत हेच तपासलं जातं: समोरची बाई बोलायच्या आत तुम्ही बोलायला लागता का. आमच्या मते मराठी घरात वाढलेल्या हुशार मुलींची अडचण नेमकी इथे होते. त्यांची तयारी कमी नसते, उलट जास्त असते. उत्तर माहीत असून हात वर करायचा नाही, हे कुठल्याच शिकवणीत कोणी शिकवलेलं नसतं.

आता अर्जाकडे. ब्रिटनमध्ये पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज यूकॅस नावाच्या एकाच खिडकीतून जातात. पाच ठिकाणं निवडता येतात. 2026च्या प्रवेशासाठीची मुदत 14 जानेवारी, तिथल्या संध्याकाळी 6 वाजेपर्यंत होती. मुदतीत पोचलेला अर्ज सगळ्या विद्यापीठांना सारख्याच नजरेने बघावा लागतो. पण मिडवाइफरीच्या जागा मोजक्या असतात, कारण प्रत्येक विद्यार्थिनीला रुग्णालयात शिकवणारी नोंदणीकृत मिडवाइफ लागते आणि वर्गात खुर्च्या वाढवल्याने त्या वाढत नाहीत. बरीच विद्यापीठं नोव्हेंबर-डिसेंबरातच मुलाखती सुरू करतात. म्हणून अर्ज ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला बरा. जुलै-ऑगस्टमध्ये उरलेल्या जागा वाटायची ‘क्लिअरिंग’ नावाची फेरी असते. तिच्या भरवशावर मिडवाइफरीचं गणित मांडू नये.

पाचही ठिकाणी वैयक्तिक निवेदन एकच जातं, आणि यातून एक नेहमीची चूक होते. धास्तीपोटी तीन जागी मिडवाइफरी आणि दोन जागी नर्सिंग भरलं की निवेदन दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहतं. मिडवाइफरीवाल्यांना ते नर्सिंगचं वाटतं आणि नर्सिंगवाल्यांना दुसऱ्या पसंतीचं. ब्रिटनमध्ये हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, हे आपल्याकडच्यांना पटकन उमगत नाही, कारण भारतात जीएनएमच्या, म्हणजे ‘जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी’ पदविकेच्या, नावातच दोन्ही जोडीने येतात आणि नोंदणीही ‘आरएनआरएम’, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत मिडवाइफ, अशी एकत्र होते. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, नोंदवहीत मिडवाइफचा भाग स्वतंत्र असतो. महाराष्ट्रातून गेलेल्या नर्सची नोंद नर्सच्या भागात होते. दहा वर्षं लेबर रूममध्ये काढलेली असली तरी मिडवाइफच्या भागासाठी तिला वेगळी पात्रता दाखवावी लागते आणि परीक्षाही वेगळी द्यावी लागते. अशा नोंदणीकृत नर्सेससाठी काही विद्यापीठांत साधारण दोन वर्षांचा छोटा अभ्यासक्रम असतो. त्याची चौकशी आधी करावी, तीन वर्षांच्या पदवीची नंतर.

निवेदनाचं रूप 2026च्या प्रवेशापासून बदललं. आधी 4,000 अक्षरांचा सलग निबंध असायचा. आता तीन प्रश्न आहेत: हा विषय का, तुमच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी करून दिली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलं व ते का उपयोगी. तिन्ही मिळून मर्यादा तीच 4,000, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. ही किमान अट म्हणजे दोन-तीन वाक्यं झाली. पहिल्याच प्रश्नावर भावनेच्या भरात अडीच हजार खर्चून तिसऱ्याला चारशे उरवणाऱ्यांचं त्यामुळे फावतं. खरं तर वजन तिसऱ्यावर हवं.

पहिल्या प्रश्नात सर्वांत जास्त वेळा येणारं आणि सर्वांत कमी कामाचं वाक्य म्हणजे ‘मला लहान बाळं फार आवडतात’. यात खोटं काही नाही, पण ते चुकीच्या माणसाबद्दल आहे. जुन्या इंग्रजीत ‘मिड’ म्हणजे सोबत आणि ‘विफ’ म्हणजे स्त्री. मिडवाइफ म्हणजे स्त्रीच्या सोबत असणारी व्यक्ती. ती व्यक्ती पुरुष असली तरी हुद्दा मिडवाइफच राहतो, कारण शब्दातली ‘वाइफ’ ही काळजी घेणारी नसून जिची घेतली जाते ती आहे. बाळ सर्वांत शेवटी येतं. त्याआधीचे कित्येक महिने एक बाई असते. तिला मळमळ असते, भाडं थकलेलं असतं, पहिलं मूल गेलेलं असतं किंवा हे मूल हवं की नको तेच ठरत नसतं.

दुसऱ्या क्रमांकाचं निरुपयोगी वाक्य कुठून तरी उचललेलं असतं. यूकॅस प्रत्येक निवेदन जुन्या निवेदनांशी ताडून बघतं. 2007 मध्ये डॉक्टरकीच्या अर्जांत 234 जणांनी लहानपणी रसायनांच्या खेळण्याने पायजम्याला भोक पाडल्याची एकच आठवण लिहिलेली सापडली होती. पायजमे तेव्हापासून बदनाम आहेत, पण ‘माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी’ या सुरुवातीचंही तेच होत आलंय. भाऊ जन्मला असेल. त्या वेळी मिडवाइफने नेमकं काय केलं ते एका ओळीत सांगता आलं तरच तो निवेदनात आणावा.

तिसऱ्या प्रश्नात अनुभव मागतात आणि पालक घाबरतात, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला बाळंतपणाच्या वॉर्डात कोणी उभं करत नाही. हे विद्यापीठांनाही माहीत असतं. त्यांना वॉर्ड नको असतो, माणसाची सेवा हवी असते. वृद्धाश्रमातली शनिवारची पाळी, विशेष मुलांच्या शाळेतली मदत, प्रथमोपचार करणारी स्वयंसेवी संस्था सेंट जॉन अॅम्ब्युलन्स, स्तनपान करणाऱ्या आयांचा गट, सगळं चालतं. किती महिने केलं यापेक्षा त्यातून काय दिसलं हे लिहावं. ‘वृद्धाश्रमात काम करून माझी संवादकौशल्यं सुधारली’ यातून काही कळत नाही. ‘एका आजींना चमचा तोंडाशी नेला की त्या मान फिरवत, चमचा हातात दिला की अर्धं सांडत पण जेवत. मग मी टॉवेल मोठा घेऊ लागले’ यात प्रतिष्ठा, संमती आणि संयम हे तिन्ही शब्द न वापरता येतात. घरात आजीची सेवा केली असेल तर तेही लिहावं. आपल्याकडे ते ‘काम’ मानत नाहीत म्हणून मुली वगळतात. तिथे मानतात.

शैक्षणिक अटी विद्यापीठागणिक वेगळ्या. जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीच्या तोलाच्या परीक्षेला, इंग्रजी आणि गणितात किमान 4 ही श्रेणी, बऱ्याच ठिकाणी विज्ञानातही. ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, तीन विषयांत साधारण बी श्रेणीच्या (बीबीबी) आसपास, जीवशास्त्रासारखा विषय असला तर उत्तम. लग्न होऊन गेलेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा शिकू बघणाऱ्या बायकांसाठी ‘अॅक्सेस टू हायर एज्युकेशन’ नावाची एक वर्षाची पदविका असते: 60 क्रेडिट, त्यातल्या 45ना श्रेणी दिली जाते. जुनी बी.एस्सी. हाताशी असली तरी अनेक विद्यापीठं गेल्या तीन ते पाच वर्षांत काहीतरी शिकल्याचा पुरावा मागतात. अर्ज भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं ‘हो, चालेल’ मार्चमध्ये कोणाला आठवत नाही.

पैशाचाही हिशेब आधीच बघावा. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची फी 2025-26 साठी 9,535 पौंड होती. त्यावर एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला किमान 5,000 पौंड मिळतात, ते परत करावे लागत नाहीत. स्कॉटलंडमध्ये स्थानिकांना फी नाही आणि वर नर्सिंग-मिडवाइफरीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 10,000 पौंड. पण ‘स्थानिक’ म्हणजे काय? साधारणपणे तिथे स्थायिक व्हायचा हक्क आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षं तिथेच वास्तव्य. वडील नोकरीच्या व्हिसावर, मुलगी पाच वर्षं तिथल्याच शाळेत, तरी स्थायिकाचा शिक्का नसेल तर ती परदेशी धरली जाऊ शकते. मग फी कितीतरी जास्त, आणि बरीच विद्यापीठं तर मिडवाइफरीला परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत.

बोलावणं आलं की आधी बहुतेकदा गणित आणि भाषेची छोटी चाचणी. एनएमसीच्या नियमानुसार निवड करतानाच लिहिणं-वाचणं, आकडेमोड आणि संगणक वापरायची तयारी बघावी लागते. गणित सातवीचं असतं, फक्त कॅल्क्युलेटर नसतो. एक उदाहरण बघा. बाळ जन्मलं तेव्हा 3.40 किलो, पाचव्या दिवशी 3.06 किलो. वजन किती टक्के घटलं? फरक 0.34. तो जन्माच्या वजनाने भागायचा, उत्तर 10 टक्के. घाईत मुली आजच्या वजनाने भागतात आणि 11.1 लिहितात. हा नुसता एका गुणाचा फरक नाही. पहिल्या दिवसांत बहुतेक बाळांचं वजन थोडं उतरतं, पण 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की दूध नीट पोटात जातंय का हे बसून बघावं लागतं, बाळाची तपासणी करावी लागते. कशाने भागायचं हे चुकलं तर एक घर उगाच घाबरतं.

काही ठिकाणी गटचर्चा असते. सहा-आठ जणी आणि एक विषय. इथे शाळेतल्या वक्तृत्वाचा तोटा होतो. सर्वांत जास्त बोलणारी पडते आणि अजिबात न बोलणारीही पडते. ‘मघाशी यांचं अर्धं राहिलं होतं, ते ऐकू या’ म्हणणारीकडे परीक्षकाची लेखणी वळते. पण हेही आता इतक्या जणींना ठाऊक झालंय की कधी कधी चर्चेत फक्त एकमेकींना वाट देणं चालू असतं आणि विषय तसाच पडून राहतो. वाट द्यावी, पण स्वतःचंही एक धड वाक्य असावं.

खोल्यांमध्ये बसणारी सगळी माणसं प्राध्यापक नसतात. एखादी रुग्णालयातली मिडवाइफ असते, एखादी तिथेच बाळंत झालेली बाई. निवडीत अशा बायकांचा सहभाग असावा असा एनएमसीचा आग्रह आहे. तिच्यासमोर जाऊन ‘कमी धोक्याची गर्भधारणा’, ‘रुग्णाचं व्यवस्थापन’ असे शब्द फेकणं हा हमखास गुण घालवायचा मार्ग. गरोदर बाई रुग्ण नसते. तिथे ‘पेशंट’ म्हणणारी मुलगी पहिल्या मिनिटात ओळखू येते.

मूल्यं बघून निवड करायची ही पद्धत मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हेळसांडीवरचा फ्रान्सिस अहवाल 2013 मध्ये आल्यावर रुजली. त्याआधी, 2012च्या डिसेंबरात, काळजी, करुणा, क्षमता, संवाद, धैर्य आणि बांधिलकी ही ‘सिक्स सीज’, म्हणजे इंग्रजीत ‘सी’ अक्षराने सुरू होणारी सहा मूल्यं, जाहीर झाली होती. उमेदवार ती पाढ्यासारखी म्हणतात. परीक्षकाला ती भिंतीवर टांगलेली रोजच दिसतात. सहापैकी एकच घ्यावं, शक्यतो धैर्य, कारण ते सर्वांत कमी जणी घेतात. आणि कधी गप्प बसणं सोपं असताना बोलल्या होत्या ते सांगावं.

प्रसंगांपैकी एक आपल्याला फार जवळचा आहे. गरोदर बाईला इंग्रजी जेमतेम येतं. तपासणीला सासूबाई सोबत आल्यात आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच देतात. तुम्ही विद्यार्थिनी आहात, काय कराल? मराठी मुलीला वाटतं, हा तर घरचा पेपर. ‘मला हिंदी येतं, मीच दुभाषी होईन’, असं ती उत्साहाने सांगते आणि फसते. संमती, औषधं, घरातली मारहाण अशा गोष्टींसाठी प्रशिक्षित दुभाष्या लागतो, बहुधा फोनवरचा. हौशी भाषांतरात ‘कधी कधी’चं ‘कधी नाही’ होतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं, प्रत्येक गरोदर बाई निदान एकदा तरी एकटी भेटली पाहिजे, कारण घरी सुरक्षित आहात का हा प्रश्न घरच्यांसमोर विचारता येत नाही. तिसरं टोक म्हणजे सासूबाईंना खलनायिका ठरवणं. त्या कदाचित धाकाने नाही, काळजीने बोलत असतील. चांगलं उत्तर असं जातं: आधी त्या बाईच्या नावाने तिलाच हाक, डोळे तिच्याकडे, सासूबाईंना ‘तुम्ही सोबत आलात ते बरं झालं’, मग ‘लघवीचा नमुना घ्यायला मी हिला घेऊन जाते’ म्हणून दोन मिनिटांचा एकांत, आणि हे सगळं स्वतःच्या शहाणपणावर न करता ज्या मिडवाइफच्या हाताखाली शिकताय तिला सांगून. शेवटचा तुकडा विसरला की बाकीचं सोन्यासारखं असलं तरी अर्धंच. विद्यार्थिनीला आपली हद्द माहीत आहे का, हेही तिथे बघतात.

दुसरा हमखास प्रसंग म्हणजे बाईने नकार देणं. कळा औषधाने सुरू करायला ती नाही म्हणते. ‘मी तिला समजावून तयार करेन’ हे उत्तर आपल्याला प्रेमळ वाटतं, त्यांना धोक्याचं. इथे माँटगोमेरी खटल्याची गोष्ट माहीत असावी. मधुमेह असलेली, ठेंगणी आई. अशा आयांमध्ये बाळाचा खांदा अडकण्याचा धोका 9 ते 10 टक्के. डॉक्टरांनी तो सांगितला नाही, कारण सांगितलं की सगळ्या सिझेरियनच मागतील असं त्यांना वाटलं. खांदा अडकला, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिच्या जागी असलेल्या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटला असता तो सांगणं बंधनकारक आहे. निर्णय तिचा. म्हणून उत्तराची सुरुवात ‘तिला कशाची भीती वाटतेय ते विचारेन’ अशी असावी.

चालू घडामोडींवर प्रश्न येतोच. श्रूझबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांतल्या बाळंतपणाच्या सेवेतल्या हेळसांडीवरचा 2022च्या मार्चमधला ऑकेन्डेन अहवाल, 1,486 कुटुंबं, हे सगळे पाठ करून येतात. परीक्षक पुढे विचारतो, ‘मग?’ आणि खोलीत शांतता पसरते, पण ही वेगळी शांतता. अहवालातलं एकच घ्यावं. बायका सांगत होत्या आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. मग पहाटे चार वाजता, रात्रपाळीचे नऊ तास झालेले असताना, बाई म्हणते ‘बाळ हलत नाहीये असं वाटतंय’, तेव्हा विद्यार्थिनी म्हणून काय करणार ते सांगावं. किंवा ब्रिटनमध्ये काळ्या वर्णाच्या स्त्रियांचा मातामृत्यूचा दर गोऱ्या स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे, आशियाई वंशाच्या स्त्रियांचाही जास्त आहे, यावर बोलावं. फक्त ‘त्या वेळेवर दवाखान्यात येत नाहीत’ असं म्हणून सगळी जबाबदारी बायकांवरच टाकू नये.

आणि मग तो प्रश्न: मिडवाइफच का, डॉक्टर का नाही? गंमत म्हणजे हाच प्रश्न सहा महिने घरी विचारला गेलेला असतो, वेगळ्या सुरात. एवढे मार्क असून सुईण होणार? प्रसूती, सूतिका हे ज्या धातूपासून आले त्याच घराण्यातला ‘सुईण’ हा शब्द. गोव्याकडे ‘वयजीण’ म्हणतात. शब्दात हलकं काही नाही. आनंदीबाई जोशींनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात एम.डी.साठी लिहिलेला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता, त्याचा आपण अभिमान बाळगतो. पण जी प्रत्यक्ष बाळंतिणीजवळ बसायची तिला दारात पाय धुवायला लावून मग आत घ्यायचो. त्यामुळे घरी दिलेलं उत्तर बचावाचं होतं, आणि तेच मुलाखतीत बाहेर पडतं: ‘डॉक्टरकीएवढे मार्क नव्हते’ किंवा ‘डॉक्टरही होता आलं असतं, पण’. दोन्ही वाईट.

सरळ उत्तर कामातूनच द्यावं. ब्रिटनमध्ये गर्भधारणा सुरळीत असेल तर ती बाई सुरुवातीपासून मिडवाइफच्या हाती असते. पहिली नोंदणी दहाव्या आठवड्यापर्यंत; पहिलटकरणीला साधारण दहा भेटी, नंतरच्या खेपेला सात; चोविसाव्या आठवड्यापासून भेटीत टेपने पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये; बाळंतपण मिडवाइफ करते, टाके घालते, नंतर घरी जाऊन बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेते. काही बिघडलं की डॉक्टरला बोलावते, आणि बिघडतंय हे ओळखायचं कामही तिचंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1902च्या कायद्यापासून हा हुद्दा संरक्षित आहे. डॉक्टर अडचणीच्या वेळी येतो, मिडवाइफ आधी आणि नंतरही असते. हे ज्या मुलीला मनापासून हवंय तिचं उत्तर अर्ध्या मिनिटात संपतं.

‘तीन वर्षं झेपतील का?’ याला ‘मी कधी खचत नाही’ हे उत्तर देऊ नये. आकडे माहीत असल्याचं दाखवावं. एकूण 4,600 तास, त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ रुग्णालयात आणि वस्तीत, बिनपगारी. साडेबारा तासांची पाळी, रात्रपाळ्या, दुसऱ्या गावी पोस्टिंग. नोंदणीसाठी स्वतःच्या हातांनी 40 बाळंतपणं. बारा तास बाईजवळ बसलं आणि शेवटी सिझेरियन झालं तर तो आकडा पुढे सरकत नाही, आणि त्या बाईसमोर ते चेहऱ्यावर दिसूही द्यायचं नाही. मृत बाळ जन्मल्यावर आई-वडिलांजवळ थांबावं लागतं. अशा दिवशी घरी गेल्यावर काय करता, कोणाशी बोलता, हे खरं खरं सांगावं. ‘आईला फोन करते’ हे अगदी चांगलं उत्तर आहे.

मुलाखत ऑनलाइन असेल तर पासपोर्ट हाताशी, दाराला आतून कडी आणि पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या नकोत. वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात, तेव्हा पुस्तिकेत छापलेलं विचारू नये. ‘पहिल्या वर्षी विद्यार्थिनी सोडून जातात त्या बहुधा कशामुळे?’ हे विचारलेलं चालतं. उत्तर देणाऱ्याचा चेहराही बघावा, कारण पाच ठिकाणांतून एक तुम्हालाही निवडायचंय.

प्रवेश मिळाला तरी तो सशर्त असतो. मार्क, डीबीएसची पोलीस पडताळणी, आणि भारतात राहून गेलेल्यांकडे इथल्या पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, हेही मागू शकतात. त्याला वेळ लागतो, मे महिन्यातच कामाला लागावं. आरोग्य तपासणीत ओळखपत्र बघून रक्त घेतात, कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीसाठी, कारण टाके घालताना सुई आपल्याच बोटाला लागू शकते. कावीळ बीची लस घेतली नसेल तर तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरची तयारी खरं तर मार्चपासून. गोवराचे दोन डोस कागदावर दाखवावे लागतात. तेव्हा पुण्याला किंवा जळगावला आजीकडे फोन जातो, कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी निघते, त्यात रेशनकार्डाच्या झेरॉक्ससोबत लसीकरणाचं घडीवर फाटलेलं कार्ड. शिक्का पुसट, तारीख निळ्या शाईत. बीसीजीचा कागद सापडला नाही तर तिथली नर्स सरळ बाही वर करायला सांगते. डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, तो छोटासा खळगा असतो. इथल्या कुठल्या तरी प्रसूतिगृहात, जन्मून दिवस-दोन दिवस झालेले असताना, कोणा सिस्टरने दिलेला. नर्स त्यावर बोट ठेवते आणि फॉर्मवर खूण करते.